अकरा मुसळं आणि एक इंजिन

माझा डावा कान शहापूरच्या भाताच्या गिरणीत गेला. गेला म्हणजे अपघातात नव्हे. इंजिनाकडे डावी बाजू करून मी उभा जन्म काढला आणि इंजिनाने तो थोडा थोडा करून खाल्ला. आता मला काही कळू द्यायचं नसलं की घरचे लोक त्या बाजूने बोलतात. दिवाळी अंकाचे संपादक आले तेव्हा तेही नेमके तिकडेच बसले. मी सभ्यपणाने मान डोलावत राहिलो आणि ते गेल्यावर बायकोने सांगितलं, की तुम्ही लेख कबूल केला आहे.

गिरणीतला मिस्त्री काय करतो, हे शहरातल्या माणसाला माहीत असण्याचं कारण नाही. त्याच्या घरी तांदूळ डब्यातून येतो. पण शेतातून येतं ते भात. त्यावर तुसाचं जाड टरफल असतं आणि टरफलाच्या आत तांबूस कोंड्याचं पातळ अस्तर. तूस काढावाच लागतो, कोंडा किती काढायचा ही ज्याची त्याची आवड. आमच्या यंत्राला हलर म्हणत. त्यात एक खाचांचा लोखंडी रूळ फिरे आणि त्याच्या बाजूला एक पोलादी पातं असे. पातं रुळाच्या जवळ सरकवलं की दाणा घासून पांढराशुभ्र निघे, दूर केलं की तांबूस राही. फार जवळ गेलं तर तांदळाऐवजी कण्या पडत आणि मालकाऐवजी मिस्त्रीला शिव्या. त्या पात्याचा एक स्क्रू होता. तो किती फिरवायचा हे ठरवण्यात माझी अक्कल खर्च झाली. बाकी सगळं काम इंजिन करत असे.

हे इंजिन आणलं भाऊशेठनी. त्यांच्या घरचा मूळ धंदा गवताचा. आसनगाव स्टेशनातून मुंबईच्या तबेल्यांना ते गवत पाठवत. मुंबईला जाऊन येऊन त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या, यंत्रं आणि समाजसेवा. दोन्ही त्यांना एकाच वेळी आवडल्या आणि पुढे आयुष्यभर त्यांना त्या वेगळ्या करता आल्या नाहीत. धोतर, काळा कोट आणि कोटाच्या खिशात मूठभर भात, असा त्यांचा वेश. कोणी भेटलं की खिशातून चार दाणे काढून तळहातावर चोळत आणि म्हणत, "गावाचं भलं आणि गिरणीचं भलं एकाच टरफलात आहे." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की एक कान गेल्याचं फारसं दुःख वाटत नाही.

पण थट्टा पुरे. माणूस खोटा नव्हता. इंजिन थंड ठेवायला पाण्याची टाकी असते आणि त्यातलं पाणी कढत होऊन वाहून जातं. भाऊशेठनी ते पन्हळीने बाहेर काढलं आणि दगडी हौदात सोडलं. थंडीत सगळी आळी तिथे आंघोळीला आणि गोधड्या धुवायला येई. तुसाचे डोंगर साचायला लागले तेव्हा त्यांनी त्यावर विटा भाजल्या आणि त्या विटांची शाळा बांधली. शाळा मात्र गिरणीला लागून बांधली, कारण विटा लांब वाहायला नकोत. इंजिनाच्या ठोक्यावर पोरं पाढे म्हणत. एकदा तपासणीला साहेब आले म्हणून आदराने इंजिन बंद ठेवलं, तर एकाही पोराला तेराचा पाढा पुढे नेता येईना. मास्तरांनी खिडकीतून मला हात केला, मी इंजिन सुरू केलं आणि शाळा पास झाली.

मुरबाडला दुसरी गिरणी काढायची ठरली तेव्हा तिथली मंडळी म्हणाली, "गिरणी मागून आणा, आधी दवाखाना आणा." भाऊशेठनी दोन्ही एकाच वेळी बैलगाड्यांतून नेलं. पुढच्या खोलीत कंपाउंडर बसला आणि मागे मीच जाऊन बसवलेलं दुसरं इंजिन. दिवसभराच्या हादऱ्यांनी औषधाच्या बाटल्या फळीवर सरकत सरकत जागा बदलत. आजारी माणसं तरीही बरी होत. ती औषधाने की गिरणीच्या आवाजाने घाबरून, हे कंपाउंडरलाही सांगता येत नसे.

गिऱ्हाइकांचेही एकेक नमुने. डोळखांबकडचे एक म्हातारे होते. आपल्या भातात परक्याचा दाणा मिसळतो असा त्यांचा संशय. म्हणून आधी यंत्र रिकामं चालवायचं, मग त्यांनी आत डोकावून पाहायचं, मग भात घालायचं. तांदूळ घेऊन झाला की म्हणत, "आता माजा तूस दे." त्यांचा तूस कुठला आणि परक्याचा कुठला? मी ढिगातून पोतंभर भरून देई आणि म्हणे, "हा बघा, तुमचाच." ते हात घालून वास घेत आणि समाधानाने निघून जात. खोटं बोलून माणसाला सुखी करता येतं, हे मी त्यांच्याकडून शिकलो. पुढे त्या विद्येचा जो उपयोग झाला, तो सांगण्यासाठी हा लेख आहे.

गिरणीच्या आधी शहापुरात भात कांडायचं काम बायका करत. उखळात भात, हातात मुसळ आणि दुपारपर्यंत ठोका. मोबदल्यात थोडा तांदूळ आणि सगळ्या कण्या. सापगावच्या वरच्या अंगाला माळावर एक वाडी आहे, तिथल्या अकरा जणींचं घर यावर चाले. त्यांच्यात वडीलधारी ठकूबाई. कपाळ मोकळं, दंड माझ्या दुप्पट, बोलणं मोजकं. गिरणी सुरू झाली त्या सुगीत दोन आठवड्यांत या अकरा जणींचं काम संपलं. आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता. आम्ही पेढे वाटत होतो.

एके सकाळी आलो तर गिरणीच्या दाराशी गर्दी. भाताची पोती घेऊन गाडीवाले उभे, पण आत कोणी शिरत नव्हतं. उंबऱ्याबाहेर अकरा मुसळं ओळीने आडवी ठेवली होती आणि पलीकडे अकरा जणी स्वस्थ बसल्या होत्या. आमच्याकडे मुसळ ओलांडत नाहीत. घरातली लक्ष्मी तुडवल्यासारखं होतं म्हणतात. हलवायचं म्हटलं तर दुसऱ्याच्या मुसळाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हेही तितकंच कडक. मागे तूस टाकायचं एक बुटकं दार होतं, पण त्यातून पोतं जाईना. इंग्रजांचं इंजिन, जर्मन पट्टा आणि तालुक्यात वजन असलेला मालक, सगळं अकरा लाकडांनी अडवलं होतं.

भाऊशेठ आले. त्यांनी पाय उचलला आणि तसाच मागे घेतला.

"ठकूबाई, हे काय चालवलंय?"

"काय नाय शेट. तुमची गिरण तुमी चालवा. आमचा पोट कुठं न्यायचा तेवढा सांगा, मंग उचलतो."

"अगं, तुमचे कष्ट वाचले. हाताला घट्टे पडत होते."

ठकूबाईने तळहात पुढे केला. "घट्टं हायेत त भाकर हाय. घट्टं गेलं त काय खावाचा?"

 भाऊशेठ कोटाच्या खिशातून चार दाणे काढून तळहातावर चोळू लागले, तेव्हा मी ओळखलं की आता समाजसेवा होणार. मुंबईत तेव्हा नवीन वारं सुटलं होतं. गिरणीच्या तांदळात सत्त्व नसतं, हातसडीचा खावा, असं मोठमोठे लोक सांगू लागले होते. भाऊशेठनी तिथल्या तिथे जाहीर केलं, की गिरणीशेजारी छपरी बांधतो, जमिनीत अकरा उखळं पुरतो आणि तुमच्या हातचा तांदूळ मुंबईला पाठवतो. मुसळं उचलली गेली. इंजिन सुरू झालं.

आणि खरंच तसं झालं. एका भिंतीच्या अलीकडे यंत्र, पलीकडे उखळं. अंगावर धड कापड नसलेला कातकरी यंत्राच्या पांढऱ्या तांदळासाठी रांग लावे आणि मुंबईचा बंगलेवाला हाताने कांडलेला तांबडा तांदूळ पत्र पाठवून मागवी. भाऊशेठना यात काही विसंगत वाटत नसे. दोघांची सोय होत होती. मलाही ते दिवस आवडत. दुपारी इंजिन थांबवलं की पलीकडून मुसळांचा ठेका यायचा. दहा जणी शेजारशेजारच्या उखळांवर दोन-दोनच्या जोडीने आणि उरलेली ठकूबाई एकटी.

मग मुंबईच्या एका संस्थेचं पत्र आलं. आम्ही वर्षभर तुमचाच तांदूळ घेऊ, आणि काम खरं दिसलं तर कांडणाऱ्या बायकांच्या वस्तीसाठी विहीरही बांधून देऊ. आम्ही बघायला येतो.

ही विहीर म्हणजे काय, ते सांगायला हवं. वाडी माळावर आणि पाणी खाली भातसा नदीवर. उतारावरून हंडे चढवायचे. आदल्या पावसाळ्यात ठकूबाईची सून सात महिन्यांची असताना निसरड्यात हंड्यासकट पडली. मूल गेलं. सून वाचली, पण बोलणं तिचं कमीच झालं. ठकूबाई ते कोणाजवळ काढत नसे. फक्त पत्र आल्याचं तिला सांगितलं तेव्हा तिने मुसळ खाली ठेवलं आणि विचारलं, "विहीर खरीच बांधतील का रे, मिस्त्री?" कांडताना मधेच थांबलेली मी तिला त्या एका दिवशीच पाहिली.

पाहुण्यांनी यायचा मुहूर्त काढला तो ऐन आवणीत. आवणी म्हणजे भाताची लावणी. त्या दिवसांत माळावरची माणसं चिखलात असतात. अकरांतल्या सात जणी शेतांवर गेल्या. उरलेल्या चौघींनी हात मोडेस्तोवर कांडलं तरी कोठी अर्धी भरेना, आणि भाऊशेठ तर भरलेली कोठी दाखवतो असं लिहून मोकळे झाले होते. पाहुणे येण्याच्या दोन दिवस आधी ते इंजिनाचा आवाज टाळून माझ्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले.

"मिस्त्री, ते पातं सैल केलं तर?"

"तांबूस निघेल."

"हातसडीसारखा?"

मी नाही म्हणायला हवं होतं. पण इतकी वर्षं मला कोणी माझ्या कसबाचं काम सांगितलंच नव्हतं. सगळ्यांना पांढरा हवा, पांढरा कोणीही काढतो. मी इरेला पेटलो. पातं केसभर सैल, पट्टा थोडा ढिला, भात दोनदा फिरवलं, वर मूठभर कोंडा चोळला. जो तांदूळ पडला तो पाहून मलाच भरून आलं. आयुष्यात मी केलेलं सर्वांत सुंदर काम ही लबाडी होती, हे आज सांगताना लाज वाटते आणि थोडा अभिमानही जात नाही.

पाहुणे तिघे होते. आसनगावाहून चिखलातून आले, गरम हौदात पाय धुतले आणि शाळेचे पाढे ऐकून प्रसन्न झाले. मग कोठी. तिथे नेमकी माझ्या तांदळाची पोती पुढे लावली होती. त्यांतल्या प्रमुखाने ओंजळ भरली, खिडकीशी नेली आणि ती तशीच ठकूबाईपुढे धरली.

"बाई, हा तुमच्या हातचा तांदूळ का?"

ठकूबाईने दोन बोटांनी दाणे फिरवले. कांडलेल्या तांदळात दोन दाणे सारखे नसतात. एक तांबडा, एक फिका, एकाचं टोक उडालेलं. माझ्या तांदळात सगळे दाणे एका आईचे. तिने ते एका क्षणात ओळखलं. मान वर करून आधी भाऊशेठकडे पाहिलं, ते छपराकडे पाहत होते. मग माझ्याकडे पाहिलं. मी कुठे पाहत होतो ते आठवत नाही. तिने एक शब्द खरा काढला असता तर मुंबईचं काम गेलं असतं आणि विहीर गेली असती.

"व्हय," ती म्हणाली. "माज्या हातचा हाय."

विहीर बांधली गेली. पावसाळा सरताच काम सुरू झालं, पाणी लागलं, भाऊशेठनी नारळ फोडला. सून पहिला हंडा भरून दारात आली तेव्हा सासूने तो तिच्या डोक्यावरून उतरवून घेतला. मीही टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर सुगी उरकून बायका शेतांवरून परतल्या, अकरा उखळं पुन्हा सुरू झाली आणि खरा तांदूळ मुंबईला गेला. पंधरा दिवसांत तो परत आला. सोबत पत्र होतं. हा माल एकसारखा नाही, यात कणीही आहे. हा हातसडीचा नसून गिरणीतून काढलेला असावा अशी शंका येते. आपण आम्हाला प्रत्यक्ष दाखवला होता तोच अस्सल माल कृपया पाठवावा.

भाऊशेठनी ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं. मी स्क्रू फिरवला. करणार काय होतो? अस्सल माल माझ्याशिवाय कोणाला काढता येत नव्हता. भिंतीपलीकडे एकेक उखळ बंद होत गेलं.

शेवटच्या दिवशी त्या आपापली मुसळं घेऊन निघाल्या. दुसऱ्या सकाळी मी जरा लवकरच आलो. दार मोकळं होतं. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. दुपारी ठकूबाई राहिलेलं सूप न्यायला आली तेव्हा मी म्हणालो, "बाई, या वेळी मुसळं नाही टाकलीत?"

"कशी टाकू रे? मीच बोलले ना, माज्या हातचा हाय म्हणून." तिने सूप झटकलं आणि काखेत मारलं.

भाऊशेठना मी विचारायचं धाडस केलं. ते म्हणाले, "हे बघ, वाडीला विहीर मिळाली, मुंबईला तांदूळ मिळाला, गिरणीला काम मिळालं. वाईट कुठे झालं, दाखव." मी इंजिनाला तेल घालायला गेलो. त्यांनाही चैन नसावं, कारण आठवड्याभरात त्यांनी त्या छपरीत सार्वजनिक वाचनालय काढलं. उखळांत माती भरून वर सारवलं आणि खुर्च्या मांडल्या. दर पावसाळ्यात ती माती खचे आणि वर्तमानपत्र वाचता वाचता एखादा प्रतिष्ठित गृहस्थ एका पायाने जमिनीत जाई.

मग लढाई आली. जर्मन पट्टा तुटला, दुसरा मिळेना, तो मी चामड्याने शिवला. पण क्रूड तेलाला काय शिवणार? एका दिवाळीनंतर तेल अजिबात थांबलं. सुगी घरात, भात कणग्यांत आणि इंजिन गार. लोक पोती घेऊन येत, इंजिनाकडे बघत आणि परत जात. मुसळं बहुतेक घरांतून सरपणात गेली होती. भाऊशेठ म्हणाले, "मिस्त्री, वाडीवर जाऊन ये." स्वतः गेले नाहीत.

ठकूबाई विहिरीवरच भेटली. पुष्कळ वाळली होती. मी काही बोलण्याआधी तिने तांब्या भरून दिला.

"पी. लबाडीनं आला, पण पानी गोड हाय."

मी पाणी प्यालो आणि निरोप सांगितला. ती म्हणाली, "पोरी कुठं हायेत? समद्या कल्यानच्या छावनीवर खडी फोडतात. आता मी एकली."

"तू तरी ये."

"येते. पन उखळ कुठं हाय? तुमच्या पेपरांखाली ना? आधी ता उकरून दे."

मी पहार घेतली आणि वाचनालयात शिरलो. वाचणाऱ्यांनी पाय वर घेतले. मधलं टेबल सरकवून मी ठकूबाईचं उखळ उकरलं, माती काढली, आत हात घालून तीन पाण्यांनी धुतलं. ती माझ्या मदतीला आली नाही, दारात मुसळ धरून उभी राहिली आणि मी उठल्यावर आत आली. लढाईच्या बातम्या वाचणारे गृहस्थ पेपराच्या वरून पाहत होते.

थोड्या वेळाने भाऊशेठ आले. सवयीने खिशात हात घातला, दाणे बाहेर काढले नाहीत. उखळात डोकावले. ठोके पडत होते, तूस उडत होता, तांबडे-फिके दाणे एकमेकांवर येत होते. 

"छान. छान, ठकूबाई. फक्त जरा एकसारखा काढा हं. लोकांना आता तशी सवय झालीय."

ठकूबाईने मुसळ थांबवलं नाही.

"एकसारका पायजे त मिस्त्रीला हाक मारा, शेट. माज्या हातचा असाच येतो."

 भाऊशेठ एका खुर्चीवर बसले आणि निवडलेला पहिला शेरभर तांदूळ स्वतः उपरण्यात बांधून घरी घेऊन गेले. मी दाराशी उभा होतो. इंजिन बंद होतं, माझे दोन्ही कान तेव्हा शाबूत होते आणि मुसळाचा तो ठोका मी दोन्ही कानांनी ऐकला.

पुढच्या महिन्यात तेल आलं आणि मी इंजिन सुरू केलं.